त्रेचाळिसावं झाड

बाळांनो, मागच्या आठवड्यात तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. तुमच्या डोंगर चढणाऱ्या मंडळातली मुलं हातमोजे घालून उभी आहेत, मागे उंच झाडं आहेत, आणि प्रत्येक बुंध्यावर पत्र्याची एक छोटी चकती आहे. चकतीवर आकडा. "आजी, आम्ही झाडांना नंबर दिले," असं तुम्ही फोनवर सांगितलंत. मी "छान" म्हटलं आणि जेवलात का ते विचारलं. माझा आवाज बदललेला तुम्हाला कळला असावा, कारण अर्ध्या तासाने तुमच्या आईचा फोन आला, बरं वाटत नाही का म्हणून.

बरं वाटतंय. पण मीही एकदा झाडांना नंबर दिले होते, आणि ते मी घरात कुणाला नीट सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना अर्धं माहीत होतं. पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. अक्षर ओळीत येतंय तोवर लिहून ठेवते. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो हे मला माहीत आहे. इंग्रजीत लिहिता आलं असतं, पण यातली एक म्हातारी माझ्या कानात इंग्रजीत बोलत नाही.

साल त्र्याहत्तर. बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. नगरला मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि आमचं एक रविवारचं मंडळ होतं. महिन्यातून दोनदा एसटीने कुठेतरी उतरायचं, डोंगर चढायचा, वाटेत जमेल ते काम करायचं. कुठे बी लावायचं, कुठे बुजलेलं टाकं साफ करायचं. पुढारी होते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे सर. खाकी हाफ पँट आणि जुनी सोला हॅट घालायचे, त्यामुळे खेड्यात लोक त्यांना पाहून उठून उभे राहत. दुसरे एका कचेरीतले कारकून, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. चहाचा थर्मास आणि थट्टा ही दोन्ही खाती त्यांच्याकडे. बाकीची मंडळी ऊन वाढलं तशी गळाली. मी पाचवारी साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून जायची आणि मंडळाची वही लिहायची.

वही हा माझा स्वभाव होता. आमच्या घरातल्या चादरींनासुद्धा कोपऱ्यात शाईने नंबर असत. मोजलेली वस्तू हरवत नाही, असं मी वर्गात मुलींना सांगायची, आणि मला ते खरं वाटायचं.

त्या वर्षी डोंगरांवर झाड उरलं नव्हतं. हिरवा पाला गुरांनी खाल्ला, काटक्या चुलीत गेल्या, मग फांद्या, मग खोडं. सरांच्या मनात आलं की ज्या थोड्या देवराया अजून शाबूत आहेत त्यांची निदान नोंद करावी. कुठलं झाड, किती घेर, कुठे उभं आहे. नोंद असली म्हणजे कुणी हात लावायच्या आधी विचार करील. मला हे फारच पटलं.

सुप्याच्या फाट्यावर उतरून दोन तास चालल्यावर, दोन टेकड्यांच्या बेचक्यात ती देवराई होती. गावाचं नाव लिहीत नाही. लांबून ती हिरवी दिसत नव्हती, काळी दिसत होती. आजूबाजूची सगळी जमीन भाकरीच्या करपलेल्या पाठीसारखी, आणि मध्ये तेवढाच एक गडद डाग. आत पाऊल टाकलं आणि आपल्याच पावलांचा आवाज एकदम मोठा झाला. थोड्या वेळाने सर म्हणाले, "पक्षी नाहीत." दहा मैलांत दुसरीकडे पाणी नव्हतं. इथे पाणी होतं, सावली होती, करंजाला शेंगा होत्या, आणि एकही पाखरू नव्हतं.

पाणी म्हणजे दगडांनी बांधलेला खाटेएवढा झरा. तो काळा आणि इतका स्थिर होता की वरच्या फांद्या त्यात कोरल्यासारख्या दिसत. काठाला शेंदूर लावलेले सात दगड होते, त्यांच्यापुढे हिरव्या बांगड्या. साती आसरांचं ठाणं. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. त्यांना मान द्यायचा आणि जास्त विचारायचं नाही, एवढंच मला लहानपणापासून माहीत होतं.

दगडांपासून थोडी दूर एक म्हातारी बसली होती. जवळच्या वस्तीवर दहाबारा घरं होती. धडधाकट माणसं सकाळीच दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, आणि ही मागे राहून झऱ्यावर लक्ष ठेवी. वस्तीची सगळी तहान त्या एका झऱ्यावर होती. संध्याकाळी बायका आल्या की ती एकेकीचे हंडे भरून देई. पहिल्या हंड्याला ती 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे, आणि पुढचे मोजतच नसे. तरी कुणाला कमीजास्त जात नसे.

"पायतान बाहीर," ती आम्हाला म्हणाली. "आन् वाळली काडी बी न्यायची न्हाई."

"आम्ही काही नेत नाही, मावशी," मी म्हटलं. "उलट ही झाडं वाचावीत म्हणून मोजायला आलोय."

"मोजनार?"

"हो."

"मंग वाचायची कशी?"

भाऊसाहेब हसले. "अहो मावशी, बाई शाळेत पोरीसुद्धा रोज मोजतात. आजवर एक कमी झाली नाही."

म्हातारीने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "जास्त झाली का कदी?"

आम्ही बूट काढले आणि कामाला लागलो. मी चुन्याचं डबडं आणि ब्रश घेऊन उजवीकडून सुरुवात केली. सर डावीकडून नुसते मोजत आले. माझी झाडं झाली त्रेचाळीस. त्यांची बेचाळीस. अदलाबदल करून पुन्हा मोजली. त्रेचाळीस, बेचाळीस. सर म्हणाले, "पुढच्या वेळी बघू. तुमचं शेवटचं कुठलं?"

शेवटचं झाड सात दगडांच्या मागे होतं, पाण्यावर कललेलं. पांढुरकी, गुळगुळीत साल, पान एकही नाही. मी आधाराला बुंध्यावर हात ठेवला तर तो गार लागला, रात्रभर उघड्यावर राहिलेल्या माठासारखा. वहीत मी त्याच्यापुढे 'ओळख पटली नाही' असं लिहिलं. ते वाक्य अजून तिथे आहे.

बारा वाजायला आले तशी म्हातारी उठली. "चला आता बाहीर. बारा ते एक त्यांची येळ."

बाहेर उन्हात बसून आम्ही भाकरी सोडली. भाऊसाहेबांचा थर्मास उघडायला आणि आवाज यायला एकच गाठ पडली. ठक. मग थांबून, ठक. लाकडावर कुऱ्हाड पडल्याचा, अगदी सावकाश. आवाज देवराईतून येत होता. सर बूट न घालताच आत धावले, मागोमाग आम्ही. आत कुणी नव्हतं. कुठल्याच झाडावर घाव नव्हता, खाली एक कपची नव्हती. आम्ही झाड न् झाड बघितलं. मावशी उन्हातच बसून राहिली होती.

एसटीत सर म्हणाले की आवाज पलीकडच्या टेकडीवरून येऊन इथे घुमला असेल. ते शास्त्राचे माणूस होते आणि मलाही तेव्हा तेच खरं मानायचं होतं.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो तर माझे आकडे नव्हते. प्रत्येक आकड्यावर ओल्या शेणाचा हात फिरवून वर पाणी मारलं होतं. फळ्यावरचं कुणी पुसलं की येतो तसा मला राग आला. मावशी आपल्या जागेवर होती. तिच्या नखांत शेण वाळलेलं होतं आणि तिने ते लपवलं नाही.

"बाई, माझं ऐका," ती म्हणाली. "ह्या डोंगरात आकडा पडल्यालं झाड उभं ऱ्हात न्हाई."

"मावशी, तो तोडीचा सरकारी आकडा. हा आमचा. ही झाडं कुणी तोडू नयेत म्हणून."

"झाडाला काय वाचता येतं का, कुनाचा त्ये?"

मी तिला पाच मिनिटं समजावलं. फार चांगलं बोलले असेन, कारण भाऊसाहेबांनी मध्ये एकही थट्टा केली नाही. मग पिशवीतून दुसरा डबा काढला. चुना टिकणार नाही हे मला आधीच माहीत होतं, म्हणून घराच्या दारांना लावून उरलेला पांढरा ऑइलपेंट मी सोबत आणला होता. या वेळी आकडे ठळक काढले आणि नीट दिसावेत म्हणून प्रत्येकाभोवती गोल केला.

एक ते बेचाळीस झाले आणि मी दगडांच्या मागे गेले. त्या पांढुरक्या झाडावर माझा चुन्याचा त्रेचाळीस तसाच होता. स्वच्छ, ठळक, न पुसलेला. मी त्यावरून रंग दिला आणि बाहेर येऊन म्हटलं, "मावशी, एक मात्र पुसायचं राहिलं तुमचं."

"कोनतं?"

"ते काय, दगडांच्या मागचं."

तिने तिकडे पाहिलं नाही. "तिकडं झाड न्हाई बाई. तिकडं निस्तं पानी हाय."

तिची नजर गेली असेल, असं मी मनात म्हटलं. सर एव्हाना वाटेला लागले होते, गाडी चुकली असती. जाताना तिने विचारलं, "ह्ये पुसता यील का?"

"नाही मावशी. पावसानेसुद्धा जाणार नाही," मी म्हटलं. हे मी अभिमानाने म्हटलं होतं, म्हणून ते मला आठवतं.

मग वार्षिक परीक्षा आल्या, पेपर आले, आणि आमचे दोन रविवार चुकले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा देवराईच्या उजव्या अंगाने ऊन आत आलं होतं. अकरा झाडं नव्हती. मी वही उघडली आणि खुंटांपाशी एकेक करून उभी राहिले. एक, दोन, तीन, चार. माझ्याच क्रमाने. चार नंबरच्या खैरानंतर मी जवळचा मोठा वड सोडून आधी वळणावरचा लिंब घेतला होता, कारण मला उभं राहायला तिथे सावली होती. तोडणाराही वड तसाच उभा ठेवून तिकडेच गेला होता. माझ्या पावलावर पाऊल ठेवून कुणीतरी चाललं होतं.

सांगण्यासारखं होतं ते मावशीने सांगितलं. दुष्काळी कामाच्या रस्त्याचं डांबर तापवायला लाकूड लागत होतं. ते पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांनी गोलातले आकडे पाहिले. त्या भागात लिलावाच्या झाडांवर असेच आकडे घालत. वस्तीच्या लोकांनीही त्यांची बैलगाडी अडवली नाही. खाकी कपड्यातला साहेब आणि वही घेतलेली बाई येऊन आकडे घालून गेली, हे सगळ्यांच्या कानावर होतं. सरकारी आकड्याला कोण हात लावणार?

"तुमाला सांगितलं न्हाई का मी," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "पैल्या दिशी कुऱ्हाड ऐकली ना तुमी? तीच ही. आदी वाजती, मंग येती."

झऱ्याचं पाणी दोन दगड खाली गेलं होतं. सर म्हणाले की झाडं तोडल्याचा परिणाम इतक्या लवकर होत नाही. मग स्वतःच वाकून ते दोन दगड पुन्हा पाहू लागले. पाणी आणखी दोन दगड उतरलं असतं तर वस्ती उठून जाण्यावाचून दुसरा इलाज नव्हता, आणि ते आम्हा चौघांना दिसत होतं.

"गाडी परत कधी येणार?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"आज. दुपारच्याला."

ऑइलपेंट पुसायचा कसा? मी वस्तीवरून खुरपं आणायला निघाले तर मावशीने अडवलं. देवराईतल्या झाडाला लोखंड लावायचं नाही. "आन् ज्यानं टाकला त्यानंच पुसायचा," ती म्हणाली, आणि काठी टेकत वस्तीकडे गेली. आली तेव्हा तिच्या हातात तांब्या होता. चार घरांच्या कंदिलांतलं रॉकेल तिने त्यात ओतून आणलं होतं. त्या दिवसांत रॉकेल मिळायला किती हेलपाटे पडत हे मला माहीत होतं. तिने तांब्या माझ्यापुढे ठेवला.

गोणपाटाचे तुकडे रॉकेलमध्ये भिजवून आम्ही तिघं घासू लागलो. जिथे रंग सालीच्या भेगांत गेला होता तिथे खरबरीत दगडाने. एकेक आकडा पुसला की मी वहीत खूण करायची. बारा, तेरा, चौदा. बोटांची सालं निघाली. भाऊसाहेबांनी एकदाच तोंड उघडलं, "बाई, अक्षर जरा कमी चांगलं असतं तुमचं तर बरं झालं असतं." तेवढ्यावर आम्ही तिघंही हसलो, आणि आपलं हसणं त्या झाडांत ऐकून लगेच थांबलो.

बेचाळीस पुसून झाला. मी ओलं गोणपाट घेऊन दगडांच्या मागे गेले. तिथे झाड नव्हतं.

खुंट नव्हता, खळगा नव्हता, मुळी नव्हती. काळं पाणी होतं आणि पलीकडे खडक. मी सरांना हाक मारली. ते आले, पाहिलं, वही पाहिली. "तोडलेलं असेल," ते म्हणाले. मी म्हटलं, "खुंट कुठे आहे?"

तेवढ्यात गाडी आली. बैलगाडीबरोबर तीन माणसं होती आणि त्यांचा मुकादम. पन्नाशीचा, डोक्याला मुंडासं, पायात वहाणा. तो वहाणा घालूनच आत आला. त्याने दोनचार झाडं पाहिली, मग बुंध्यावर नाक नेऊन वास घेतला.

"आकडं कुठं गेलं?"

"मी पुसले," मी म्हटलं. "मीच टाकले होते. ते सरकारी नव्हते. माझी चूक झाली."

"ह्ये न्हाई चालायचं बाई. रस्त्याला द्यायची कबूल केल्याली झाडं हायेत. त्रेचाळीस."

"बेचाळीस," सर म्हणाले.

"त्रेचाळीस साहेब. मी सोता मोजलीत. शेवटलं पान्यापाशी, पांढऱ्या सालीचं." त्याने माझ्याकडे बोट केलं. "बाईंनाच इचारा."

मावशी पाठीमागून म्हणाली, "मोजलंस का तू बी?" आणि तोंडावर पदर घेतला.

"एक आकडा जरी घावला तरी बाकीच्यांवर बी आकडा हाय असं धरून तोडीन," मुकादम म्हणाला. "न्हाई घावला तर माज्या हातात काय न्हाई. बिगरआकड्याचं झाड मी तोडत न्हाई. आजवर न्हाई तोडलं." मला तो माणूस खोटा वाटला नाही. तो नियमाने चालणारा होता, माझ्यासारखाच. गड्यांना थांबायला सांगून तो एकटा सात दगडांच्या मागे गेला.

सूर्य डोक्यावर होता. बैलांनी शेपटी हलवणंसुद्धा थांबवलं होतं. आम्ही सगळे त्या दिशेला बघत उभे होतो आणि तिकडून काहीच येत नव्हतं, पाय वाजत नव्हते, पाणी वाजत नव्हतं. मग आवाज झाला. ठक. थांबून, ठक. आणि आणखी एकदा.

एका गड्याने मान वळवून गाडीकडे पाहिलं, म्हणून आम्हीही पाहिलं. चारही कुऱ्हाडी गाडीत होत्या.

मुकादम बाहेर आला तेव्हा वहाणा त्याच्या हातात होत्या. पाय गुडघ्यापर्यंत ओले. तो आमच्याकडे न बघता गाडीपर्यंत गेला, वहाणा गाडीत ठेवल्या आणि अनवाणीच जू धरून बैल वळवले.

"न्हाई आकडा," तो गड्यांना म्हणाला. "चला."

तिथे काय दिसलं हे त्याला कुणी विचारलं नाही. नंतर एकदा भाऊसाहेब त्या रस्त्याच्या कामावर मुद्दाम जाऊन आले, पण तो काम सोडून आपल्या गावी गेला होता, कर्जतकडे कुठेतरी. सरांनी ठेकेदाराकडे आणि वरच्या कचेरीत जाऊन आमची चूक लेखी दिली. त्या कागदावर पहिली सही माझी होती. देवराईकडे पुन्हा गाडी आली नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर मी एकटीच जाऊन मावशीला रॉकेलचा डबा दिला. तिने तो घेतला, मला पाणी दिलं आणि आकड्यांचा विषय काढला नाही. निघताना मीच म्हटलं, "मावशी, ते झाड मी हाताने धरलं होतं." ती म्हणाली, "धरलं असंल." एवढंच.

मी पुढे बरीच वर्षं मंडळाबरोबर चालले, झाडं लावली, टाकी उपसली. नंबर मात्र कशालाच दिला नाही. आपल्या घरच्या चादरींवर आकडे का नाहीत, असं तुमच्या आईने लहानपणी कधी विचारलं नाही, कारण तिने ते पाहिलेच नव्हते. तुमच्या चकत्या काढून टाका असंही मी सांगत नाही. तुमच्याकडच्या झाडांचे रिवाज वेगळे असतील. तिथे जवळपास कुणी म्हातारं माणूस राहत असेल तर एकदा त्याला विचारा, एवढंच.

गेल्या वर्षी तुमचा मामा मला गाडीतून तिथे घेऊन गेला. झऱ्याला पाणी आहे. वस्ती आहे, आता पन्नासेक घरांची. सात दगड आहेत. अकरांपैकी चार खुंटांना फुटवे येऊन त्यांची झाडं झाली आहेत. बाकीची मी मोजली नाहीत. वही माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. बारापासून बेचाळीसपर्यंत प्रत्येक आकड्यापुढे माझी पुसल्याची खूण आहे, आणि त्रेचाळीसपुढे नाही.